नेतृत्व कॉलेजात शिकता येतं का? शिबिरात फसलेल्या एका गटप्रमुखाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट समजलाय का ते कळेल. तुम्ही बीबीएच्या तिसऱ्या वर्षाला आहात. नेतृत्व हा पेपर आहे, लेविनपासून बासपर्यंत सगळे सिद्धांत पाठ आहेत आणि अंतर्गत परीक्षेत गुणही बरे पडलेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या हिवाळी शिबिरात तुम्हाला गटप्रमुख केलं. दोन दिवस सगळे ऐकत होते. तिसऱ्या दिवसापासून श्रमदानाला निम्मा गट गायब व्हायला लागला आणि शेवटी "तू काय सर आहेस का?" हेही ऐकून घ्यावं लागलं. आता तुम्ही विचारताय, की हा विषय शिकून काही उपयोग असतो, की नेतृत्व मुळात अंगातच असावं लागतं? आणि एखादा सर्टिफिकेट कोर्स करावा का?

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, तुमचे दोनच निघाले. पण त्याचं फार मनाला लावून घेऊ नका. मी बरीच वर्षं चाकणच्या बाजूला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात एचआरला होते. आता कॉलेजात ऑर्गनायझेशनल बिहेविअर शिकवते आणि थंडीत मुलांबरोबर शिबिरांनाही जाते. नव्या सुपरवायझरचं नेमकं हेच होतं: पहिला आठवडा छान, मग एक दिवस लाइनवरचा जुना ऑपरेटर सगळ्यांसमोर त्याचं ऐकत नाही आणि तिथून घसरण सुरू होते.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आलेलीच नाही आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. दुसऱ्या दिवसाची रात्र आणि तिसऱ्या दिवसाची सकाळ, या मधल्या वेळात नेमकं काय झालं? पहिल्यांदा कोण उठलं नाही? त्याला किंवा तिला तुम्ही काय म्हणालात, तेव्हा बाकीचे काय करत होते? आदल्या दिवशी काम कुणाच्या वाट्याला किती आलं होतं? तुम्ही सिद्धांतांची नावं बिनचूक लिहिलीत आणि प्रसंग मात्र दोन वाक्यांत उरकलात. खरी अडचण इथे आहे. सिद्धांत तुमच्याकडे उत्तरं म्हणून जमा झालेत आणि शिबिर अपयश म्हणून. या दोघांची गाठ पडलेली नाही. ती घालून देणं हे अभ्यासक्रमाचं काम होतं, पण बहुतेक ठिकाणी ते होत नाही. युनिट एक ते युनिट पाच शिकवायचं, पंधरा गुणांचा प्रश्न लिहून घ्यायचा आणि पुढे जायचं.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुम्ही हॉस्टेलला राहता की रोज एसटीने ये-जा करता, यावर सराव कुठे करायचा ते ठरेल. समाजकार्य किंवा राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला मी वेगळं वाचायला सांगेन. तुम्ही मुलगा आहात की मुलगी हे प्रश्नावरून कळत नाही, पण त्याने फरक पडतो. तोच कडक स्वर मुलाच्या तोंडी "शिस्तीचा" ठरतो आणि मुलीच्या तोंडी "उर्मट". हे मी कारखान्यात आणि कॉलेजात, दोन्हीकडे ऐकलंय आणि संशोधनही तेच सांगतं. जात, भाषा, गाव-शहर यांचंही तसंच: कुणाचं पहिल्या झटक्यात ऐकलं जातं हे आधीच बऱ्यापैकी ठरलेलं असतं. त्यामुळे "माझं कुणी ऐकलं नाही" याचा अर्थ "माझ्यात काही कमी आहे" असा लगेच लावू नका.

"अंगातच असावं लागतं का" या भागाचं उत्तर झटपट देते, कारण त्यात अडकण्यात अर्थ नाही. १९४८ साली राल्फ स्टॉगडिल या अमेरिकी संशोधकाने तोवरचे शंभराहून अधिक अभ्यास चाळले आणि निष्कर्ष काढला, की अमुक गुण असला म्हणजे माणूस सगळीकडे नेता होतो असं दिसत नाही. पुढे आकडेशास्त्र सुधारलं तेव्हा गुणांचा थोडाफार संबंध पुन्हा दिसला. बहिर्मुख माणसं नेतेपदी जास्त दिसतात, हे त्यातलंच. मिनेसोटातल्या जुळ्या पुरुषांच्या २००६ च्या अभ्यासात नेतेपद मिळण्यातल्या फरकाचा साधारण ३० टक्के वाटा आनुवंशिक निघाला. म्हणजे उरलेला ७० टक्के इतर गोष्टींचा. आणि हे मोजमाप पद मिळण्याचं आहे, ते नीट निभावण्याचं नाही. कारखान्यात पद मिळालेल्यांची आणि पद निभावणाऱ्यांची यादी कधीच एक नव्हती.

आता मुख्य मुद्द्याकडे. विद्यार्थ्याने नेतृत्वाचा सिद्धांत प्रश्न म्हणून वाचावा. प्रत्येक सिद्धांत म्हणजे कुणीतरी एक गोष्ट पाहिली आणि इतरांना म्हणालं, "इकडे बघा." तिकडे बघायचं, आपल्या प्रसंगात तिथे काय दिसतं ते लिहायचं. एवढं जमलं की अर्धा विषय आला.

लेविनचंच घ्या. कर्ट लेविन हा मानसशास्त्रज्ञ, हिटलरच्या जर्मनीतून १९३३ साली अमेरिकेत आलेला. रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांच्याबरोबर त्याने आयोवात दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे क्लब तयार केले. मुखवटे करणं वगैरे कामं दिली. मोठी माणसं कधी हुकूमशाही पद्धतीने, कधी लोकशाही पद्धतीने, कधी नुसतीच हजर राहून क्लब चालवायची, आणि तीच माणसं वेगवेगळ्या क्लबांत पद्धत बदलायची. १९३९ साली तो प्रसिद्ध निबंध आला. पाठ्यपुस्तकात यातून तीन शैलींचा तक्ता उरतो आणि विद्यार्थी "लोकशाही शैली सर्वोत्तम" असं लिहून मोकळा होतो. पण त्या प्रयोगातली माझी आवडती गोष्ट तक्त्यात येत नाही: मोठा माणूस खोलीबाहेर गेला की काय होतं, हे त्यांनी पाहिलं. हुकमाने चालणाऱ्या गटात काम धपकन खाली आलं, लोकशाही गटात जवळपास तसंच चालू राहिलं.

मी हे कारखान्यात रोज वापरायचे. एखादा सुपरवायझर कसा आहे हे पाहायला तो असताना लाइनवर जायचंच नाही. तो चहाला गेला की जायचं. तुमच्या शिबिरातही हाच प्रश्न विचारा: मी सरांकडे हजेरीचा कागद द्यायला गेलो, तेव्हा गट काय करत होता? सगळे बसून होते असं उत्तर आलं, तर पहिले दोन दिवसही तुम्हाला वाटतात तितके बरे नव्हते. ते तुमच्या हजेरीवर चालले होते.

आता एक शिबिर जरा जवळून दाखवते. पुरंदरच्या एका गावात ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, फावडी, घमेली, तोंड शिवायला दाभण आणि सुतळी. गटप्रमुख मोठ्या आवाजाचा, सगळ्यांचा लाडका मुलगा, वर काठावर उभा राहून "चला, हात चालवा" म्हणत होता. मुलं माती भरत होती, मुली गोणीचं तोंड धरून बसल्या होत्या. भरलेली गोणी उचलायला दोघं लागत आणि उतार निसरडा. त्यामुळे गोण्या वरच साचल्या आणि खाली रचायला उभे असलेले गावातले दोन काका कमरेवर हात ठेवून वाट बघत राहिले. काठावरून आणखी जोरात ओरडणं सुरू झालं. गोण्या धरणाऱ्यांतली एक मुलगी म्हणाली, "अरे, रिकाम्या गोण्या खाली नेऊ ना. माती घमेल्यांनी पोचवू." कुणी लक्ष दिलं नाही. तिने परत सांगितलंच नाही. रिकाम्या गोण्यांचा गठ्ठा काखेत मारला, खाली उतरली आणि काकांच्या शेजारी गोणीचं तोंड उघडून बसली. तिची मैत्रीण मागोमाग गेली. एका मुलाने वरून घमेलं पुढे केलं, खालच्याने घेतलं आणि थोड्या वेळात उतारावर रांग लागली. दुपारपर्यंत पाणी अडलं.

शिबिराच्या अहवालात अर्थातच गटप्रमुखाचं नाव आलं. तुम्हाला परीक्षेत हा प्रसंग दिला तर नेतृत्व कुणी केलं म्हणाल? मुलीने, हे उघड आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. ती मैत्रीण उठली नसती तर? घमेलं पुढे करणारा तो मुलगा? आणि काठावरच्या लाडक्या मुलामुळेच पंचवीस जणं पहाटे उठून ओढ्यापर्यंत आली होती, त्याचं काय? गटाला एकाच सकाळी दोन वेगळ्या गोष्टींची गरज होती: लोकांना आणणं आणि कामाची मांडणी बदलणं. दोन्ही एकाच माणसाकडून झाल्या नाहीत, आणि तशी गरजही नव्हती. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी नेत्याच्या वागण्याची कामाची घडी बसवणं आणि माणसांची कदर करणं अशी दोन अंगं वेगळी काढली ती हीच. पुस्तकात ती दोन अक्षांवरचा आलेख म्हणून येतात. ओढ्यावर ती दोन माणसं म्हणून आली.

मानसशास्त्रज्ञ फ्रेड फीडलरचं प्रतिमान (१९६७) विद्यार्थ्यांना क्लिष्ट वाटतं, पण तुमच्या प्रसंगाला तेच सगळ्यात जास्त लागू पडतं. तो तीन गोष्टी पाहायला सांगतो: गटाचे तुमच्याशी संबंध कसे आहेत, काम किती स्पष्ट आहे आणि तुमच्या पदात किती बळ आहे. गटप्रमुखाच्या पदात बळ शून्य. तुम्ही कुणाचे गुण कापू शकत नाही, कुणाला घरी पाठवू शकत नाही. "तू काय सर आहेस का" हे वाक्य बोचलं असेल, पण वस्तुस्थिती म्हणून ते अगदी बरोबर आहे. संबंध दोन-चार दिवसांत फार बदलत नाहीत. मग तुमच्या हातात काय उरलं? कामाची स्पष्टता. "उद्या सात वाजता श्रमदान" हे काम नाही, ही घोषणा झाली. "उद्या शाळेमागच्या चरातले दहा मीटर आपल्या गटाचे, खुणा मारून ठेवल्यात, पाच जणं खोदणार, चार जणं माती टाकणार, नाश्त्याआधी संपलं तर नंतर आपण मोकळे" हे काम. फीडलरचा आणखी एक आग्रह होता: माणसाची शैली सहज बदलत नाही, म्हणून परिस्थिती बदला. सगळ्या प्रशिक्षण कंपन्या याच्या नेमकं उलट विकतात, म्हणून तो फारसा लोकप्रिय नसावा.

या प्रशिक्षण कंपन्यांचा आवडता सिद्धांत म्हणजे हर्सी आणि ब्लँचर्ड यांचा, १९६९ चा, परिस्थितीनुसार शैली बदलण्याचा. शिकवायला सोपा, चार चौकोन, वर्कशॉपला झकास. त्याच्या बाजूचा पुरावा मात्र कच्चा आहे. परीक्षेत लिहा, पण टीकाही लिहा. आदान-प्रदानाचं (कामाच्या बदल्यात मोबदला देणारं) आणि परिवर्तनाचं (माणसांची ध्येयंच बदलणारं) नेतृत्व हा भेद बर्न्सने १९७८ मध्ये राजकारणाचा अभ्यास करताना मांडला आणि बासने १९८५ मध्ये तो संस्थांकडे आणला. प्रत्येक उत्तरात शेवटी "परिवर्तनवादी नेतृत्व आवश्यक आहे" असं चिकटवायची पद्धत पडलीय, तेवढी टाळलीत तरी तपासणाऱ्याला बरं वाटेल.

एक सिद्धांत आपल्या अभ्यासक्रमात तोंडी लावण्यापुरता असतो, तो मी मुद्दाम वाचायला लावते. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी १९८० च्या सुमारास म्हटलं, की अमेरिकी पुस्तकातला सहभागी, म्हणजे सगळ्यांना विचारून ठरवणारा नेता आपल्याकडे एकदम आणला तर लोक त्याला दुबळा समजतात. आपल्याकडे आधी माया लावणारा, पण कामाच्या बाबतीत सवलत न देणारा नेता चालतो. माणसं तयार झाली की त्याने हळूहळू सूत्रं त्यांच्या हाती द्यायची. यातला पहिला भाग मी कारखान्यात पुरेपूर पाहिला. ज्याने ऑपरेटरच्या आईच्या ऑपरेशनला रात्री गाडी पाठवली, तोच त्याने बनवलेले सुटे भाग तपासणीत नाकारले गेल्यावर त्याला चार शब्द सुनावू शकायचा. दुसरा भाग मात्र क्वचितच घडताना दिसला. माया लावून झाल्यावर सूत्रं हातची जात नाहीत. मग ती मायबाप सरकारची तऱ्हा होते आणि वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूसही "साहेब सांगतील तसं" म्हणत बसतो. सिन्हांचं बरोबर की चूक, यापेक्षा तो दुसरा भाग का घडत नाही, यावर एक चांगला प्रकल्प होईल. ज्याला विषय सुचत नाही त्याने जरूर घ्यावा.

सिद्धांतांबद्दल एवढं बस. पण थोर माणसांच्या गोष्टी वाचण्याबद्दल बोलायला हवं, कारण आपल्याकडे नेतृत्वाचा अभ्यास म्हणजे चरित्रं वाचणं असा समज आहे.

थॉमस कार्लाइल या ब्रिटिश लेखकाने १८४० साली व्याख्यानं दिली, त्यातून इतिहास म्हणजे थोर पुरुषांची चरित्रं हा विचार पुढे आला. पाठ्यपुस्तकात तो पहिल्या पानावर असतो. त्याच्या जोडीला पुण्यात दिलेलं एक भाषण वाचा. १८ जानेवारी १९४३ रोजी, न्यायमूर्ती रानड्यांच्या १०१व्या जयंतीला, डॉ. आंबेडकर गोखले स्मारक सभागृहात बोलले. माणसं इतिहास घडवतात की परिस्थिती, हाच वाद त्यांनी घेतला, कार्लाइलचाही परामर्श घेतला. माणसाचा वाटा त्यांनी नाकारला नाही, पण प्रामाणिकपणा आणि बुद्धी एवढ्याने थोरपण येत नाही, त्यामागे सामाजिक हेतू लागतो, असं म्हणाले; आणि व्यक्तिपूजेवर कडक बोलले. संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा पुन्हा आलाच. नेतृत्वाच्या पेपरात हे भाषण नेमलेलं मी पाहिलं नाही. नेमायला हवं.

व्यक्तिपूजेची एक साधी, रोजची आवृत्तीही आहे. जेम्स माइंडल आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवलं, की निकाल खूप चांगला किंवा खूप वाईट लागला की लोक त्याचं श्रेय किंवा खापर नेत्यावर जास्तच टाकतात. आयपीएलचा मोसम सुरू झाला की रोज रात्री पुरावा मिळतो.

याचा सराव करायला आपल्याकडची दोन गावं शेजारी ठेवा. नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधलं हिवरे बाजार. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. पुढे पाणलोटाची कामं झाली, शेतीसाठी बोअरवेल बंद, ऊस-केळी नाही, दरवर्षी पावसाच्या हिशेबाने पाण्याचा ताळेबंद आणि त्यावरून पिकं. दुसरं गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. "आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा. निर्णय ग्रामसभेत, बहुमताने नाही तर सर्वसहमतीने. आणि त्याआधी अभ्यासगट: तिथे फक्त चर्चा आणि माहिती, निर्णय घ्यायचा नाही. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं.

पहिल्या गावाची गोष्ट आपण एका माणसाच्या नावाने सांगतो, दुसऱ्याची पद्धतीच्या नावाने. का? हिवरे बाजारमध्ये रोजगार हमी आणि आदर्श गाव योजनेचा पैसा, ग्रामसभा, नियम पाळणारे शेतकरी हे सगळं होतंच. आणि मेंढ्यात देवाजी तोफांसारखी खमकी माणसं होतीच. म्हणजे वास्तव बहुधा दोन्हीकडे मिश्र आहे, फक्त आपली सांगण्याची तऱ्हा वेगळी. मी विद्यार्थ्यांना सांगते, हिवरे बाजारची गोष्ट सरपंचाचं नाव न घेता लिहा आणि मेंढ्याची गोष्ट माणसांवर भर देऊन लिहा. दोन पानं लिहून होईतो जेवढं कळतं, तेवढं तासभर व्याख्यान ऐकून कळत नाही. आणि मेंढ्याची ती एक युक्ती तुम्ही उद्याच वापरू शकता: चर्चा करायची बैठक वेगळी, ठरवायची वेगळी. कॉलेजच्या गॅदरिंगच्या बैठका याच एका कारणाने रात्री अकरापर्यंत चालतात.

नेत्याने खरंच फरक पडला का, हे सिद्ध करणं अवघड असतं, कारण चांगल्या गावांना चांगले नेते मिळतात की उलट, हे सांगता येत नाही. इथे पंचायत राजने संशोधकांच्या पदरात आयतं दान टाकलं. ७३व्या घटनादुरुस्तीने किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या आणि कोणतं गाव राखीव हे फिरतं राहिलं. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी बीरभूम आणि उदयपूर जिल्ह्यांतल्या पंचायती तपासल्या, २००४ मध्ये निष्कर्ष छापले: जिथे पद स्त्रीसाठी राखीव होतं तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं, कारण तिथल्या बायकांची तक्रार तीच होती. "सरपंचपतीच कारभार बघतो" हे आपण सहज बोलून जातो, आणि पुष्कळ ठिकाणी ते खरंही असतं. तरीही आकड्यांत फरक उतरला. महाराष्ट्रात २०११ पासून हे आरक्षण ५० टक्के आहे. तुमच्या गावची ग्रामसभा २६ जानेवारीला, १ मेला किंवा १५ ऑगस्टला होत असेल, तर वही घेऊन मागे बसा. कोण बोलतं, कुणाच्या बोलण्यानंतर विषय वळतो, कोण न बोलता ठरवतं, एवढंच टिपा.

इथपर्यंत वाचन आणि निरीक्षण झालं. आता सराव.

माझा सल्ला असा, की पुढच्या सत्रासाठी एकच जबाबदारी घ्या. ती दर आठवड्याला परत येणारी असावी, लोकांवर तुमची सत्ता नसावी आणि निकाल डोळ्यांना दिसणारा असावा. एकांकिकेच्या तालमीची व्यवस्था, विभागाचं छोटं ग्रंथालय, मंडळाचा हिशेब, काहीही चालेल. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि सामुदायिक सहभागाची श्रेयांकं आहेत, त्यातही बसवता येईल. मोठं पद मागू नका. विद्यार्थी असण्याचा फायदा हा, की तुमच्याकडे पगार, बढती, मेमो यांपैकी काहीच नसतं. नोकरीत गेल्यावर पद पाठीशी येतं आणि मग आपण म्हणतो म्हणून लोक ऐकतात की पद म्हणतं म्हणून, हे कळायचं बंद होतं.

माझी शिफारस मेस कमिटी. हसू नका. एका हॉस्टेलची गोष्ट सांगते, तिथली सेक्रेटरी माझी विद्यार्थिनी होती. तक्रार नेहमीची: भाजीत तेलाचा तवंग, पोळ्या वातड. आधीच्या कमिटीने दोनदा कंत्राटदार बदलला होता. हिने महिनाभर नुसतं पाहिलं आणि वसुलीची वही मागून घेतली. निम्म्या मुलींचं बिल वीस-वीस दिवस उशिरा. पैसा हातात नाही म्हणून कंत्राटदार किराणा उधारीवर घ्यायचा, दुकानदार त्याला जुना माल द्यायचा, जेवण बिघडायचं आणि जेवण बिघडलं म्हणून मुली बिल अडवून धरायच्या. हार्वर्डचे रोनाल्ड हायफेट्झ यांनी १९९४ मध्ये जो भेद मांडला तो इथे बरोबर बसतो. काही अडचणी तज्ज्ञ आणून सुटतात, काही अडचणींत लोकांना स्वतःचंच काहीतरी बदलावं लागतं. दुसऱ्या जातीची अडचण पहिल्या जातीची समजून सोडवायला गेलं की कंत्राटदार बदलत राहतात. आणि दुसऱ्या जातीत नेत्याला शिव्या बसतात, कारण "बिल वेळेवर भरा" हे मेस सेक्रेटरीच्या तोंडून कुणालाच ऐकायचं नसतं. तिने वसुलीचा कागद नावं न घालता, फक्त तारखांचा, जेवणघरात लावला आणि कंत्राटदाराकडून लिहून घेतलं, की पाच तारखेपर्यंत ऐंशी टक्के बिल आलं तर तेलाचा ब्रँड मुली ठरवतील. दोन महिने तिच्याशी बऱ्याच जणी बोलत नव्हत्या. जेवण सुधारलं, पण वातड पोळ्या तशाच राहिल्या. ते कणीक भिजवणाऱ्या मावशींचं वेगळंच प्रकरण होतं.

जबाबदारी घेतली की एक वही ठेवा. डायरी नको, भावना लिहू नका. प्रत्येक बैठकीच्या आधी दोन ओळी: काय होईल असं मला वाटतं आणि का. नंतर तीन ओळी: काय झालं, कोण काय म्हणालं, माझा अंदाज कुठे चुकला. त्या मुलीच्या वहीतली एक नोंद तिच्या परवानगीने देते: "अंदाज: सीनियर मुली विरोध करतील. झालं: सीनियर गप्प, फर्स्ट इयरच्या मुली भडकल्या. कारण? त्यांचे पैसे घरून मनीऑर्डरसारखे महिन्याच्या दहा तारखेला येतात, पाच तारीख जमणारच नाही. तारीख कोणाला विचारून ठरवली?" हा शेवटचा प्रश्न वाचून मला तिला पैकीच्या पैकी द्यावेसे वाटले. आधी अंदाज लिहिला नसता, तर नंतर तिलाही वाटलं असतं की हे तर आधीपासूनच माहीत होतं. सगळ्यांना तसंच वाटतं.

आणि या वहीजवळ सिद्धांत न्या. महिन्यातून एकदा एक नोंद घ्या आणि ती दोन वेगळ्या सिद्धांतांतून पाहा. फीडलर म्हणतो मांडणी बघ, सिन्हा म्हणतात आधी विश्वास कमावलास का ते बघ. दोघे वेगळा सल्ला देतील. कोणता घ्यायचा हे तुम्ही ठरवायचं आणि पुढच्या बैठकीत काय होतं ते पाहायचं. परीक्षेतही हेच कामाला येतं: सिद्धांत काय म्हणतो, त्याने काय गृहीत धरलंय आणि माझ्या पाहण्यातल्या एका प्रसंगात तो कुठे तोकडा पडला. पंधरा गुणांच्या उत्तरात असा एक परिच्छेद खरा असला, की तपासणारा जागा होतो.

एक गोष्ट मात्र टाळा: मोबाइलवरच्या "तुमची नेतृत्वशैली ओळखा" छाप चाचण्या. गंमत म्हणून ठीक. त्यातून जो शिक्का मिळतो तो मुलं पुढे वर्षभर मिरवतात आणि त्याच्याशी न जुळणारं काही करून बघायचं टाळतात.

आता सर्टिफिकेट कोर्स. संज्ञांची तोंडओळख हवी असेल, फुकट असेल किंवा कॉलेजच्या श्रेयांकांत धरला जात असेल, तर करा. त्यासाठी घरच्यांकडून पंधरा-वीस हजार मागू नका. कॅम्पस मुलाखतींना मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेय. बायोडेटावर "टीम लीडर" लिहिलेली मुलं रांगेने येतात. प्रमाणपत्राकडे पाहून कुणी काही ठरवत नाही. माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "तुमच्याशी सगळ्यात जास्त कोण भांडलं आणि त्याचं म्हणणं काय होतं?" ज्याने खरंच काही केलंय तो भांडणाऱ्याची बाजू त्याच्या शब्दांत सांगू शकतो. ज्याने फक्त बिल्ला लावला होता तो म्हणतो, "नाही मॅडम, आमच्या टीममध्ये छान एकोपा होता."

तेव्हा शिबिरात तुम्हाला "तू काय सर आहेस का" म्हणणारा जो कुणी असेल, त्याला या आठवड्यात चहाला घेऊन जा आणि तिसऱ्या दिवशी काय झालं होतं ते त्याच्याकडून ऐका. समजावू नका, खुलासे देऊ नका. घरी येऊन त्याचं म्हणणं वहीच्या पहिल्या पानावर लिहा.